बायोलॅमिनिन ५२१: एकट्या पेशीला जगवणारे प्रथिन आणि उरलेल्या भ्रूणाचा प्रश्न

मानवी मूलपेशींच्या (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात त्या पेशींच्या) प्रयोगशाळेत बहुतेक वाद मीडियावरून, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यावरून होतात. पेशी ज्या थरावर बसतात त्या थराकडे मात्र, तो नीट काम करीत असेपर्यंत, कोणी फारसे पाहत नाही. स्टॉकहोममधील बायोलॅमिना या कंपनीचे बायोलॅमिनिन ५२१ हे अशा थरासाठीचे उत्पादन आमच्याकडे आता नेहमीच्या वापरात आहे. केवळ पेशी चांगल्या वाढतात एवढेच सांगायचे असते, तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण भ्रूण नष्ट न करता त्यातून मूलपेशी मिळवण्याच्या प्रयत्नांशी या प्रथिनाचे नाव जोडले गेले आहे, आणि त्या प्रयत्नातला कोणता भाग ते खरोखर पार पाडते आणि कोणता भाग त्याच्या आवाक्याबाहेर राहतो, हे वेगळे करून सांगणे मला आवश्यक वाटते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या पहिल्या लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशीसमूह) तयार केल्या, त्या पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या, म्हणजे ब्लास्टोसिस्टच्या, आतल्या पेशीपुंजापासून. तो पुंज काढला की भ्रूण संपतो, आणि पुढची सगळी नैतिक व कायदेशीर चर्चा याच मुद्द्याभोवती झाली. त्यावरचा पर्याय आयव्हीएफच्या प्रयोगशाळांत आधीपासून होता: आनुवंशिक आजार तपासण्यासाठी तिसऱ्या दिवशीच्या आठ पेशींच्या भ्रूणातून एक पेशी काढली जात असे आणि उरलेला भ्रूण गर्भाशयात सोडला जात असे. ती एक पेशी वाढवून मूलपेशी मिळवता आल्या, तर भ्रूणाला हात लावल्यासारखे होईल, पण त्याचा जीव जाणार नाही, अशी ही कल्पना होती.

अडचण त्या एकट्या पेशीचीच होती. शेजारच्या पेशींपासून तुटलेली पेशी बहुधा मरते, आणि जगलीच तर वारेकडे (प्लासेंटाकडे) जाणाऱ्या बाहेरच्या थराच्या पेशींत तिचे रूपांतर होते. अॅडव्हान्स्ड सेल टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीतील रॉबर्ट लान्झा, इरिना क्लिमान्स्काया आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ भ्रूणांतील ९१ पेशी वेगळ्या करून केवळ २ लाइन मिळवल्या. शिवाय एकेका भ्रूणातून अनेक पेशी काढल्यामुळे त्यातला एकही भ्रूण टिकला नव्हता. त्यांच्यावर तेव्हा जी टीका झाली ती रास्तच होती, कारण बातमी भ्रूण वाचल्याची पसरली आणि प्रयोगात तसे घडलेले नव्हते. २००८ मध्ये याच गटाने प्रत्येक भ्रूणातून एकच पेशी काढली, उरलेले भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवून गोठवून ठेवले आणि ५ लाइन तयार केल्या. या दुसऱ्या प्रयत्नातला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे एकट्या पेशीच्या मीडियात घातलेले लॅमिनिन.

बायोलॅमिनिन ५२१ याच वाटेवर पुढे आलेले उत्पादन आहे. लॅमिनिन हे पेशींखालच्या पायापटलातले मोठे प्रथिन. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि ५२१ या आकड्याचा अर्थ अल्फा-५, बीटा-२ व गॅमा-१ या तीन साखळ्यांनी बनलेला प्रकार एवढाच आहे. भ्रूणाच्या आतल्या पेशीपुंजाभोवती या कुळातली लॅमिनिने मुळातच असतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे अल्फा-६ बीटा-१ इंटिग्रिन (पेशीला पकड देणारे प्रथिन) या लॅमिनिनला धरते, त्यातून पेशीला जिवंत राहण्याचा संकेत मिळतो, आणि म्हणून एकेकटी सुटी केलेली मूलपेशीही तगून राहते. कॅरोलिन्स्का संस्थेतील सेर्गेई रोडिन, कार्ल ट्रिग्वासन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवले, आणि आठ पेशींच्या भ्रूणातून काढलेल्या एका पेशीपासून, भ्रूण नष्ट न करता, याच थरावर मूलपेशींची लाइन मिळवता येते, हेही त्याच शोधनिबंधात मांडले.

आमचा अनुभव आधीपासून तयार असलेल्या लाइनवरचा आहे, आणि तेवढ्यापुरते माझे मत अगदी स्पष्ट आहे: हा थर उत्तम आहे. मॅट्रिजेल या आधीच्या थरावर आम्हाला पेशी गुच्छांनी पॅसेज कराव्या, म्हणजे नव्या डिशमध्ये हलवाव्या लागत. गुच्छ मोठे राहिले की मधोमध पेशी बदलू लागत, लहान झाले की बसतच नसत, आणि सुट्या पेशी पेरायच्या तर रॉक इनहिबिटर (सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारे रसायन) घालणे भाग पडे. लॅमिनिन ५२१ वर इनहिबिटरशिवाय सुट्या पेशी पेरल्या, तरी काही तासांत त्या डिशला चिकटून पसरू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आधी प्रत्येक पेशी आपले बारीक पाय पसरून एकटी बसलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी सपाट, एकसारखा, घट्ट थर झालेला असतो. पेशी मोजून पेरता येतात, त्यामुळे दोन विद्यार्थ्यांच्या प्लेट शेजारी ठेवल्या, तरी त्या एकाच हाताने केल्यासारख्या वाटतात. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून काढलेले असते. त्याच्या प्रत्येक लॉटमध्ये थोडाफार फरक पडतो आणि नेमके काय काय त्यात आहे हे सांगता येत नाही. हे प्रथिन मानवी आहे आणि पेशींकडून पुनर्संयोजनाने बनवून घेतलेले आहे. उद्या या पेशी रुग्णाला द्यायच्या असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो.

वापरताना शिस्त मात्र पाळावी लागते. प्रथिन गोठवून ठेवायचे, फ्रिजमध्ये सावकाश वितळवायचे आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्येच (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातच) पातळ करायचे. साध्या पीबीएसची (हे क्षार नसलेल्या बफरची) बाटली समोर असते म्हणून तीच उचलू नये. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम हे प्रमाण धरून रात्रभर फ्रिजमध्ये, किंवा घाई असेल तर ३७ अंशांवर दोन तास कोटिंग करावे. थर क्षणभरही सुकू देता कामा नये. हूडमध्ये (निर्जंतुक कामाच्या कपाटात) हवेचा झोत चालू असतो, प्लेट थोडी कलंडून ठेवलेली असते, एका कडेचे द्रव उतरते आणि दुसऱ्या दिवशी त्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा रिकामा पट्टा दिसतो, बाकी प्लेट भरलेली. प्रथिन एकदा सुकले की निकामी होते, पुन्हा बफर घालून काही उपयोग होत नाही.

किमतीविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. १०० मायक्रोग्रॅम प्रथिनात हिशेबाने २०० चौरस सेंटिमीटर झाकले जातात, म्हणजे सहा खळग्यांच्या तीन प्लेट आणि वर थोडेसे. अनुदानाचा हप्ता केव्हा येईल याची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगशाळेला हे रोजच्या देखभालीसाठी परवडणारे नाही. त्यात हे गोठवलेल्या अवस्थेत परदेशाहून येते. आमची एक खेप वाटेत रखडली आणि खोक्यातला कोरडा बर्फ संपून गेल्यावरच हाती आली, तेव्हा ती फेकून देण्याखेरीज इलाज नव्हता. ज्यांना फक्त लाइन जिवंत ठेवायची आहे, त्यांनी व्हिट्रोनेक्टिन हे थरासाठीचे दुसरे प्रथिन किंवा लॅमिनिन ५११ चा ई८ तुकडा असलेले जपानी आयमॅट्रिक्स-५११ आधी वापरून पाहावे; सुट्या पेशींपासून क्लोन काढणे किंवा जीन संपादन करणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांनी ५२१ वर पैसे जरूर खर्च करावेत.

आता भ्रूणाकडे वळतो. २०१४ च्या प्रयोगात एकट्या पेशीसाठी केवळ लॅमिनिन ५२१ वापरलेले नव्हते. त्यात ई-कॅडहेरिन हे दुसरे प्रथिन मिसळलेले होते, ज्यामुळे पेशीला शेजारी पेशी असल्याचा भास मिळतो. त्यामुळे लॅमिनिनची एक व्हायल (कुपी) मागवली आणि भ्रूण न मोडता मूलपेशी मिळाल्या, असे होणार नाही. हे प्रथिन काढलेल्या पेशीला जगवते. मागे उरलेल्या सात पेशींचे काय होते, हे ठरते बायॉप्सी करणाऱ्या, म्हणजे भ्रूणातून पेशी काढणाऱ्या, हातावर, आणि तिथे २०१३ नंतर चित्र बदललेले आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्कॉट आणि सहकाऱ्यांनी एकाच स्त्रीच्या दोन भ्रूणांपैकी एकाची बायॉप्सी करून दोन्ही एकाच वेळी गर्भाशयात सोडले. तिसऱ्या दिवशी पेशी काढलेल्या भ्रूणांपैकी ३० टक्के रुजून जन्मापर्यंत पोहोचले, तर हात न लावलेल्यांपैकी ५० टक्के. पाचव्या दिवशी बाहेरच्या थरातून पेशी काढल्या तर असा फटका बसत नाही, म्हणून चांगल्या केंद्रांनी तिसऱ्या दिवसाची बायॉप्सी बहुतांशी सोडून दिली. पण पाचव्या दिवशी निघणाऱ्या त्या पेशी वारेकडे जायचे ठरवून बसलेल्या असतात, त्यांच्यापासून भ्रूणीय मूलपेशी मिळत नाहीत. म्हणजे तपासणीसाठी तशीही काढली जाणारी पेशी वापरू, हा या पद्धतीचा मूळ आधारच आता डळमळला आहे. केवळ मूलपेशींसाठी निरोगी भ्रूणाला हा धोका पत्करायला लावणे मला मान्य नाही. जर्मनीत तर अडचण याहून मूलभूत आहे, कारण तिथला १९९० चा भ्रूण संरक्षण कायदा पूर्ण जीव घडवू शकणाऱ्या सुट्या पेशीलाही भ्रूणच मानतो.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये मनीषा इनामदार यांच्या गटाने गर्भाशयात सोडण्यास अयोग्य ठरवून बाजूला काढलेल्या भ्रूणांपासून बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२० या लाइन तयार केल्या, आणि मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत किंड-१ व किंड-२ या लाइन झाल्या. जो भ्रूण कोणालाही मूल देऊ शकणार नाही, त्याच्यापासून पालकांच्या लेखी संमतीने आणि समितीच्या मंजुरीने लाइन तयार करणे, हे निरोगी भ्रूणातून एक पेशी काढण्यापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. शिवाय २००७ नंतर जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने त्वचेच्या वा रक्ताच्या पेशींपासूनही मूलपेशी मिळू लागल्या आहेत, आणि लॅमिनिन ५२१ वर त्याही तितक्याच समाधानकारक वाढतात. आमचा या उत्पादनाचा बहुतेक वापर आज त्यांच्यासाठीच आहे.

भ्रूण न मोडता लाइन काढण्याच्या उद्देशाने जे हे प्रथिन घेऊ इच्छितात, त्यांनी ई-कॅडहेरिनचा खर्च वेगळा धरावा, मिश्रण आधी जुन्या लाइनच्या एकेका पेशीवर पारखून पाहावे आणि किती लाइन मिळाल्या या आकड्याशेजारी किती भ्रूणांची बायॉप्सी झाली, त्यातले किती ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचले आणि किती गोठवून ठेवले, हे आकडेही नोंदवावेत.