मिपेक्स: क्रमवारी सोडा, तक्ता उघडा

‘स्थलांतरितांना सामावून घेण्यात स्वीडन पहिला, भारत तळाशी’ अशा मथळ्याचं मूळ शोधत गेलं की बहुधा मिपेक्सपाशी, म्हणजे देशोदेशींच्या स्थलांतरित-समावेशनाच्या धोरणांना गुण देणाऱ्या निर्देशांकापाशी पोचतो. 2020च्या आवृत्तीत स्वीडनला 100 पैकी 86 गुण आहेत आणि भारताला 24. आकडे बरोबर आहेत. मात्र स्वीडनमध्ये परक्या माणसाला घर, नोकरी आणि शेजार सहज मिळतो, असं त्यांवरून म्हणता येत नाही. मिपेक्स ते मोजतच नाही. तो मोजतो कागदावरचा कायदा.

हा निर्देशांक ब्रसेल्सचा मायग्रेशन पॉलिसी ग्रुप आणि बार्सिलोनाची सिडॉब ही संस्था यांच्या नावाने ओळखला जातो. पहिलं रूप 2004चं, मग 2007, 2011, 2015 आणि 2020. हा आढावा 2020च्या आवृत्तीचा आहे: 56 देश, 8 विभाग, 58 निर्देशक (कायद्याबद्दलचे प्रश्न), माहिती 2019पर्यंतची. विभाग असे: रोजगार, कुटुंबाला बोलावून घेणं, शिक्षण, आरोग्य, राजकीय सहभाग, कायम वास्तव्य, नागरिकत्व आणि भेदभावविरोधी कायदा. सगळा तक्ता एक्सेलमध्ये फुकट उतरवता येतो, आणि या उत्पादनाची खरी किंमत त्या तक्त्यातच आहे. संकेतस्थळावरचे रंगीत नकाशे भाषणाच्या स्लाइडला ठीक.

गुण देण्याची रीत साधी आहे. त्या त्या देशातला जाणकार कायदा वाचून प्रश्नाला पर्याय निवडतो. पर्यायाला साधारणपणे 0, 50 किंवा 100 गुण. त्यांची सरासरी म्हणजे विभागाचे गुण आणि विभागांची सरासरी म्हणजे देशाचे. सगळ्या विभागांना सारखंच वजन. गोची इथेच होते. सात विभागांत 80 आणि राजकीय सहभागात शून्य मिळवणारा देश 70वर येतो. सगळीकडे 70 मिळवणारा देशही 70वरच. एकीकडे परदेशी माणसाला मताचा अधिकारच नाही, दुसरीकडे सगळं मध्यम बरं, आणि क्रमवारीत दोघे शेजारी. मध्य आणि पूर्व युरोपातले बरेच देश राजकीय सहभागात असेच तळाला आहेत.

दुसरा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. 58 निर्देशक 8 विभागांत वाटले तर विभागाला साधारण सात येतात. त्यातला एक 0वरून थेट 100वर गेला तर विभाग सुमारे 14 गुणांनी हलतो, देशाचा एकूण आकडा मात्र जेमतेम पावणेदोनने. एवढी मोठी सुधारणा एकूण गुणांत अशी विरघळते. म्हणून लेखात किंवा प्रबंधात एकूण गुण वापरायचा मोह टाळा. विभागाच्या, जमल्यास निर्देशकाच्या पातळीवर उतरा.

आवृत्त्यांची तुलना करताना तर हमखास पाय घसरतो. 2015च्या आवृत्तीत 38 देश आणि 167 निर्देशक होते, 2020मध्ये गाभ्याचे 58 ठेवले. जुन्या अहवालातला आकडा नव्यातून वजा केला तर हाती येतो तो मोजपट्टीतला फरक, धोरणातला नव्हे. मागच्या वर्षांचे गुणही नव्या तक्त्यातूनच घ्या. आरोग्य विभाग 2015च्या आवृत्तीत आला, त्यामुळे त्याआधीच्या काळाशी ताडताना आरोग्य वगळलेली सरासरी धरा.

आणि तारीख बघा! जर्मनीने जून 2024मध्ये नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट 8 वर्षांवरून 5वर आणली आणि दुहेरी नागरिकत्व खुलं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिनलंडने ती 5वरून 8वर नेली. 2020च्या तक्त्यात दोन्ही देश जुन्याच जागी उभे आहेत, त्यात फिनलंड तर वरच्या रांगेत. नागरिकत्वापुरतं ताजं आणि तपशीलवार काही हवं असेल तर फ्लॉरेन्सच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटचा ग्लोबलसिट हा संग्रह अधिक भरवशाचा.

कोण मोजलं जातं, हेही वाचकांच्या नजरेतून निसटतं. युरोपीय संघात मिपेक्सचा रोख संघाबाहेरून कायदेशीरपणे आलेल्यांवर आहे. जर्मनीत काम करणाऱ्या पोलिश कामगाराबद्दल जर्मनीचे गुण काहीच सांगत नाहीत. कागदपत्रांविना राहणाऱ्यांबद्दल फार थोडं मिळतं, देशांतर्गत स्थलांतराबद्दल शून्य. परवान्याला प्रत्यक्षात किती महिने लागतात, खिडकीवरचा कारकून कायदा कसा वाचतो, हेही इथे शोधू नका. परिणाम हवे असतील (रोजगाराचं प्रमाण, घरांतली दाटी, मुलांचं शिक्षण) तर ओईसीडी (बहुतांशी विकसित देशांची संघटना) आणि युरोपियन कमिशनचे समावेशनाचे संयुक्त निर्देशक घ्या आणि मिपेक्स शेजारी ठेवा. दोन्हींत तफावत दिसली तर तिथेच संशोधनाचा प्रश्न असतो.

संख्याशास्त्र वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. व्यक्तींचा नमुना हजारोंचा असला तरी धोरणाच्या पातळीवर तुमच्याकडे फार तर 56 देशच आहेत. बहुस्तरीय प्रारूप (व्यक्ती आणि देश हे स्तर वेगळे धरणारं) घ्या आणि देशपातळीवरचे चल (व्हेरिएबल) एका हाताच्या बोटांत ठेवा. देशाचा स्थिर परिणाम (फिक्स्ड इफेक्ट) प्रारूपात घातला की धोरणाचा परिणाम बहुतेक नाहीसा होतो, कारण एका देशाचे गुण वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत.

आत आल्यावरचे हक्क हा मिपेक्सचा प्रांत. दार किती उघडं आहे, हा प्रश्न त्याचा नव्हे. त्यासाठी डेमिग हा स्थलांतर-धोरणांतल्या बदलांचा संग्रह: 45 देश, 6,500हून अधिक धोरणबदल, बहुतांश 1945 ते 2013मधले. पण त्यात बदलाची दिशा नोंदली आहे, पातळी नाही. दोन देशांपैकी कडक कोण, हे त्यावरून ठरवू नये. पातळी हवी तर इम्पिक हा धोरण किती कडक हे मोजणारा संच: मूळ संचात 33 ओईसीडी देश, 1980 ते 2010. मिपेक्सचा नवा तक्ता 2007पासूनचा, म्हणजे त्याच्याशी जोडायला चारच वर्षं उरतात, 2007 ते 2010. शिवाय इम्पिकमध्ये 0 म्हणजे खुलं आणि 1 म्हणजे बंद, तर मिपेक्समध्ये 100 म्हणजे अनुकूल. दोन्ही फायली जोडण्याआधी एकीची पट्टी उलटी करा, नाहीतर सहसंबंधाचं चिन्ह उलटं येईल आणि त्यावर अख्खं प्रकरण रचलं जाईल.