खोकल्यासकट घेतलेली सीडी

बेळगावच्या खडे बाजारात एका जुन्या सामानाच्या दुकानात पेटर श्रायर या जर्मन गायकाची 'विंटररायझे' घावली, म्हणजे शूबर्टनं रचलेली २४ गाण्यांची माळ, दोन सीडींचा सेट, ३५० रुपये. आत पुस्तिका आहे म्हणून सांगितलं त्यानं, घरी येऊन उघडतोय तर पुस्तिका नाहीच आणि डबीचं झाकण पण निखळलेलं. तेवढ्यासाठी परत शहापूरहून कोण जातंय, राहू दे म्हटलं.

रेकॉर्डिंग लाइव्ह आहे, फेब्रुवारी १९८५, जर्मनीतलं ड्रेस्डेन. युद्धात बॉम्बनं गेलेलं तिथलं ऑपेरा हाऊस ४० वर्षांनी त्याच महिन्यात परत उघडलेलं, पियानोवर रिख्टर, आणि थंडीचे दिवस म्हणजे पब्लिक खोकतंय बघा! आमच्या हिनं आतून विचारलं, दवाखान्यातली सिरियल लावलाय काय.

श्रायरचा आवाज गोडबिड नाही हां. पातळ, वर गेला की धार लागते. पण शब्द! मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही तरी एकेक अक्षर सुटं ऐकू येतं. लहानपणी ड्रेस्डेनच्या क्रॉइत्सकोरमध्ये, म्हणजे चर्चच्या पोरांच्या गायकवृंदात गायला, मग मोत्सार्टच्या ऑपेरातले रोल केले, पण माझ्या मते खरा माणूस बाखच्या पॅशनमधला, पॅशन म्हणजे येशूच्या मरणाची गाण्यातली गोष्ट, तिथं तो इव्हँजेलिस्ट, म्हणजे गोष्ट सांगणारा, आणि पुढं कंडक्टर झाल्यावर तर गोष्ट पण हाच गायचा आणि ऑर्केस्ट्रा पण हाच चालवायचा. आपल्याकडं कीर्तनकार आख्यान लावता लावता तबलजीला हातानं लय दाखवतात की, तसंच. २००० साली ऑपेरा सोडला, २००५ च्या डिसेंबरात प्रागला बाख गाऊन गाणंच बंद केलं, वय ७०.

शेवटचं, २४ वं गाणं मात्र दोनदा लावलं. बर्फात अनवाणी म्हातारा दांडा फिरवून वाजवायचं वाद्य फिरवत उभा, ताटली रिकामी, कुत्री गुरगुरतात. रिख्टर डाव्या हातानं तेच दोन सूर धरून बसतो, सोडतच नाही, आणि मला सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं घेऊन बसलेली एक म्हातारी जोगतीण आठवली, जत्रा तिच्या अंगावरनं पुढं चाललेली. श्रायर इथं आवाज लावतच नाही, नुसतं सांगतोय जवळजवळ.

पाचला चार. एक स्टार पुस्तिकेचा कापला. गाडीत लावू नका, तिसऱ्या गेटच्या ट्रॅफिकात लावून बघितली, निम्मं गाणं हॉर्नमध्ये गेलं.