वर्डफेन्स फ्री – बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे सांभाळायला ज्या वर्डप्रेस साइट आहेत त्या सगळ्या छोट्या. एक शाळा, एक डेंटल क्लिनिक, मालवणकडचा एक होमस्टे, एक पतसंस्था आणि साड्यांचं वूकॉमर्स दुकान. सगळं शेअर्ड होस्टिंगवर, बजेट बेताचं. या सगळ्यांवर वर्डफेन्स या सुरक्षेच्या प्लगिनची (प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा प्रोग्राम) फुकटातली आवृत्ती बरेच महिने चालू आहे, तर आता नीट लिहिते, कारण ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की टाकू का नको.

टाका. पण कशासाठी टाकताय ते समजून टाका. बहुतेक लोक फायरवॉलसाठी, म्हणजे बाहेरून येणारे हल्ले अडवणाऱ्या भागासाठी टाकतात, डॅशबोर्डवर अमुक हजार हल्ले अडवले असा आकडा दिसला की क्लायंटही खूश होतो. माझ्या मते तो आकडा फार बघू नये, त्यात बरेचसे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम असतात जे सरसकट प्रत्येक साइटवर लॉगिन ठोकत फिरतात. मला खरा उपयोग झाला तो स्कॅननंतर, म्हणजे साइटच्या फाइल तपासून झाल्यावर येणाऱ्या मेलचा.

होमस्टेच्या साइटवर एक गॅलरीचं प्लगिन होतं, आधीच्या डेव्हलपरने टाकलेलं. एक दिवस मेल आला की हे प्लगिन वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या अधिकृत प्लगिन डिरेक्टरीतून काढून टाकलंय. मी साइटचा डॅशबोर्ड उघडला तर तिथे सगळं आलबेल! अपडेटचा लाल आकडा नाही, सूचना नाही, काही नाही. कारण सरळ आहे, प्लगिन डिरेक्टरीतून बंद झालं की त्याचं अपडेटच येत नाही आणि अपडेट नाही म्हटल्यावर वर्डप्रेस तुम्हाला काही सांगतच नाही. म्हणजे ज्या प्लगिनची सगळ्यात जास्त काळजी करायला हवी तेच सगळ्यात शांत दिसतं. ज्या प्लगिनला दोन वर्षं अपडेट आलेलं नाही त्याचंही हे स्कॅन सांगतं. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी हे प्रत्येक साइटवर ठेवीन.

आणि असं प्लगिन सापडलं की नुसतं बंद करून ठेवू नका, डिलीट करा. का ते सांगते. वर्डफेन्सचं लाइव्ह ट्रॅफिक (साइटवर येणाऱ्या रिक्वेस्टची यादी) उघडून बसलात तर अजूनही मधूनच फाइल मॅनेजर नावाच्या प्लगिनच्या कनेक्टर फाइलला हाक मारणाऱ्या रिक्वेस्ट दिसतात, माझ्या ज्या साइटवर ते प्लगिन कधी नव्हतंच तिथेसुद्धा. हे २०२० च्या सप्टेंबरमधलं प्रकरण. प्लगिनच्या आत एल्फाइंडर नावाची लायब्ररी होती, तिच्यातल्या नमुन्याच्या फाइलचं एक्स्टेन्शन बदलून पीएचपी केलेलं, त्यामुळे लॉगिन न करता कुणीही थेट ती फाइल उघडून सर्व्हरवर हवं ते अपलोड करू शकत होतं. त्या वेळी ७ लाखांहून जास्त साइटवर हे प्लगिन होतं, दुरुस्ती ६.९ मध्ये आली. अशी थेट उघडता येणारी फाइल प्लगिन बंद केलं तरी सर्व्हरवर पडून राहते, बॉटला प्लगिन चालू आहे की बंद याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता फ्रीची मोठी मर्यादा. फायरवॉलचे नवे नियम पैसे भरणाऱ्यांना लगेच मिळतात, आपल्याला ३० दिवसांनी. हे कंपनी स्वतः उघड सांगते, लपवाछपवी नाही. पण मोठ्या प्लगिनमधलं भोक जाहीर झालं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी बॉट सुटतात, महिनाभर कोण थांबतंय. त्यामुळे फ्री फायरवॉलवर विसंबून अपडेट लांबवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी या प्लगिनचं काय झालं बघा, ४० लाखांवर साइट, नावातच सिक्युरिटी, आणि त्याचं टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) चालू असेल तर बाहेरचा माणूस कुठल्याही युजरच्या, अगदी अॅडमिनच्या नावाने आत येऊ शकत होता. तपासणी नापास झाली तरी कोड तिथे थांबत नव्हता, पुढे चालूच राहत होता. शेवटी ९.१.२ हे अपडेट वर्डप्रेस डॉट ऑर्गकडून साइटवर ढकलावं लागलं.

म्हणून मी दुकानाची साइट सोडून बाकी सगळीकडे प्लगिनचं ऑटो-अपडेट चालू केलंय, ही सोय ५.५ पासून वर्डप्रेसमध्येच आहे. दुकानाचं अपडेट बॅकअप घेऊन रात्री हाताने करते, चेकआउट मोडलं तर लगेच कळायला हवं. काही जण म्हणतात अपडेटमधूनच घाण आली तर? तेही झालंय, जून २०२४ मध्ये सोशल वॉरफेअर आणि आणखी काही प्लगिनच्या लेखकांच्या खात्यात शिरून अपडेटमध्ये कोड घुसवला होता, तो गुपचूप नवा अॅडमिन युजर तयार करायचा. त्यानंतर ऑक्टोबरपासून प्लगिन लेखकांना टू-फॅक्टर सक्तीचं झालं. वर्डप्रेसच्या बाहेरून तयार झालेला अॅडमिन शोधायचा पर्याय वर्डफेन्सच्या स्कॅनमध्ये आहे, तो चालू आहे ना एकदा बघून घ्या. तरीही माझा हिशोब असा की अपडेट न केल्याने बुडालेल्या साइट कितीतरी जास्त.

एक आंधळी बाजू आहे. स्कॅन फाइल जुळवून बघतो त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या डिरेक्टरीतल्या मूळ प्रतीशी, विकत घेतलेलं प्लगिन तिथे नसतंच, मग जुळवणार कशाशी? ओळखीचा मालवेअर असेल तर पकडेल, बाकी भरवसा नाही. पतसंस्थेच्या साइटवर कुणीतरी पूर्वी फुकटातलं नल्ड (लायसन्स तोडून वाटलेलं) पेज बिल्डर टाकून दिलं होतं, त्याबद्दल स्कॅन गप्प होता. लायसन्स नाही म्हणजे अपडेट नाही. लोकांच्या ठेवींची संस्था आणि साइटवर चोरीचा कोड, मला हे अजिबात सहन होत नाही, सचिवांना समोर बसवून समजावलं आणि ते काढायला लावलं.

सेटिंगमध्ये दोन-तीन गोष्टी. अॅडमिन लॉगिन झाल्याचे, आयपी ब्लॉक झाल्याचे मेल कमी करा, नाहीतर इनबॉक्स भरतो आणि कामाचा मेल त्यात बुडतो. शेअर्ड होस्टिंगवर स्कॅन अर्ध्यात थांबत असेल तर कमी रिसोर्सचा पर्याय चालू करा, वेळ लागतो पण पूर्ण होतो. टू-फॅक्टर फ्रीमध्येच आहे, शाळेच्या सरांना लावून दिलं आणि रिकव्हरी कोड छापून ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवायला सांगितले. आणि साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवणार असाल तर आधी फायरवॉलचं एक्स्टेंडेड प्रोटेक्शन (वर्डप्रेस सुरू होण्याआधीच फायरवॉल चालवणारी सेटिंग) काढा. ते डॉट युजर डॉट आयएनआय फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचा पूर्ण पाथ लिहून ठेवतं, नव्या जागी तो पाथ सापडत नाही आणि साइट पांढरी पडते. तसं झालंच तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून (वरचं प्लगिन नव्हे) त्या फाइलमधली वर्डफेन्सची ओळ काढा, पीएचपी ती फाइल थोडा वेळ कॅशमध्ये धरून ठेवतं म्हणून पाचेक मिनिटं थांबा, साइट परत येते.