सोलापुरात मिळणारे ‘९८०० एमएएच’चे टॉर्चचे सेल: खरे भरतात किती?

नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर लागणाऱ्या स्टॉलवर झूम टॉर्चसोबत १८६५० मापाचे लिथियम सेल सर्रास मिळतात. वेष्टनावर ४८००, ६८००, ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) असे आकडे ठळक छापलेले असतात. मोजायला बसलं की यातले बहुतेक सेल ५०० ते १२०० च्या दरम्यान कुठंतरी थांबतात. १८ मिमी जाडीच्या आणि ६५ मिमी लांबीच्या डब्यात नामांकित कंपन्यांनाही साधारण ३५०० पर्यंतच जाता आलंय. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० च्या घरात, सॅमसंगचा २५आर २५०० चा. तेव्हा ९८०० कडे बघायचंच नाही. हातातला सेल ४०० चा आहे की १२०० चा, एवढंच शोधायचं.

पहिली चाचणी दुकानातच होते, वजनाची. खिशात मावणारा डिजिटल काटा पुरतो. धड सेल ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. २५-३५ ग्रॅम भरला तर आतली गुंडाळी तोकडी आहे, परत ठेवा. उलट मात्र खरं नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेला सेल वजनाला पुरा भरतो, पण त्याचा जीव गेलेला असतो. काही सेलमध्ये तर वजनासाठी पावडर भरलेली सापडते. म्हणून हलका सेल नक्की वाईट, जड सेलचं मात्र मोजून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायला झेडबी२एल३ नावाचा छोटा बोर्ड ऑनलाइन स्वस्तात मिळतो. भरलेला सेल रेझिस्टरमधून रिकामा करत तो बाहेर पडलेले एमएएच मोजतो. सोबत साडेसात ओहमचे, ५ वॉटचे दोन सिरॅमिक रेझिस्टर येतात. त्यातला एकच लावायचा. बोर्डाला ५ व्होल्ट मोबाइलच्या चार्जरवरून द्यायचे. सेल आधी ४.२ व्होल्टपर्यंत भरून अर्धा तास नुसता ठेवायचा. भरायला टीपी४०५६ चं मॉड्यूल वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: ते १ अँपिअरला सेट होऊन येतं आणि ५०० च्या सेलला तो मार झेपत नाही, सेल तापतो. त्यावरचा १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर काढून ३ के चा टाकला की करंट ४०० मिलिअँपिअरवर येतो.

बोर्डावर थांबण्याचा व्होल्टेज २.८ ठेवा (सेल तिथवर उतरला की मोजणी थांबते) आणि सुरू करा. करंट ०.५६ अँपिअरपासून निघून शेवटी ०.३७ वर येतो. ७०० चा सेल दीड तासात आटपतो, २५०० चा पाच तास खातो. सुरुवातीला रेझिस्टरवर सव्वादोन वॉटहून जास्त उष्णता निघते, म्हणून तो शहाबादी फरशीवर ठेवा, प्लास्टिकच्या टेबलावर नको.

खरी गंमत पहिल्या पाच सेकंदांत दिसते. मोकळा असताना ४.१५ दाखवणारा सेल भार लागताच ३.७५ वर आला, तर अर्ध्या अँपिअरला ०.४ व्होल्ट आतच गेले. म्हणजे आतला रोध ०.८ ओहम. चांगल्या सेलमध्ये ही घसरण दोन-चार शतांश व्होल्टची. एवढा रोध असलेला सेल टॉर्चमध्ये टाकला की उजेड लगेच मंद पडतो, मग एमएएच किती का निघेना.

आकडा संशयास्पद कमी आला तर सेलला शिव्या घालण्याआधी वायर तपासा. बोर्डासोबतच्या बारीक वायरी आणि मगर-क्लिपा व्होल्टेज खातात, बोर्ड लवकर थांबतो. भार चालू असताना मल्टिमीटर थेट सेलच्या टोकांना लावा. बोर्डावरच्या आकड्यात आणि त्यात ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर जाड, आखूड वायरी सेल बसवायच्या होल्डरला सोल्डर करून घ्या. दोन सेलची तुलना एकाच वेळच्या तापमानाला करा. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी सेल डिसेंबरच्या पहाटेपेक्षा थोडा जास्तच देतो.

शेवटची चाचणी वेळखाऊ, पण चुकवू नये. पूर्ण भरलेला सेल पंधरा दिवस बाजूला ठेवून व्होल्टेज बघा. ४.० च्या खाली गेला असेल तर वापरू नका, आत गळती आहे.

आता पैशाचं. ८० रुपयांच्या सेलमधून ७०० निघाले तर १०० एमएएचला साडेअकरा रुपये पडले. ३०० रुपयांचा अस्सल २५०० चा सेल घेतला तर १२ रुपये. स्वस्ताई ती एवढीच! टॉर्च ०.७ अँपिअर ओढत असेल तर पहिला तासाभरात संपतो, दुसरा साडेतीन तास जातो. घरात लाइट गेल्यावर मीटरपेटीपर्यंत जायला पहिला चालेल. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायला जाणाऱ्यानं त्याच्या भरवशावर बांधावर उतरू नये.

घेताना टॉर्चमधली सेलची खाचही बघा. संरक्षक सर्किट (सेल फार उतरला की तो आपोआप बंद करणारं) असलेला सेल ६८ ते ७० मिमी लांब असतो, स्वस्त टॉर्चचं झाकण त्यावर बसत नाही. सर्किट नसलेला सेल २.५ व्होल्टच्या खाली उतरला असेल तर परत भरायचा नाही, आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो. उजेड मंदावला की टॉर्च बंद करायची. चार्जिंगला सेलचं तापमान ४५ अंशांच्या आत लागतं, म्हणून उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावू नका आणि गाडीच्या डिकीतही ठेवू नका.

बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत गेलेला सेल दाबला गेला की पेट घेतो.