ग्रॅम्प्सवर आमची वंशावळ : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गणपतीहून परतल्यावर लॅपटॉपवर ग्रॅम्प्स हे वंशावळ नोंदवायचं सॉफ्टवेअर बसवलं. आता पुढचे गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या घराण्याच्या सात पिढ्या त्यात नोंदवून झाल्यात. आधी मत सांगून टाकते : मुंबईत राहून गावाकडच्या घराण्याचा शोध घेणाऱ्यासाठी यापेक्षा चांगलं साधन मी तरी पाहिलेलं नाही. पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही, सगळी नावं देवनागरीत लिहिता येतात आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र कागद आपले आपणच शोधायचे. त्यामुळे इथे सॉफ्टवेअरइतकंच कागदांबद्दलही लिहिते आहे.

जनगणनेचं आधी बोलू, कारण यूट्यूबवरचे वंशावळीचे बहुतेक व्हिडिओ तिथूनच सुरू होतात. इंग्लंडची १९२१ची जनगणना २०२२ साली नावानिशी खुली झाली, अमेरिकेची १९५०ची त्याच वर्षी. तिकडचा माणूस पणजोबांचं नाव टाकतो आणि घरातली सगळी माणसं, त्यांचं वय, कामधंदा एका पानावर बघतो. आपल्याकडे तसं पान मिळत नाही. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५नुसार घरोघरच्या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आपल्या हाती येतात ते छापील आकडे. १८७२पासूनचे अहवाल जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत.

ते अहवाल मी तरीही वाचले आणि इतरांनीही वाचावेत असं मनापासून वाटतं. मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ साली ८,२१,७६४ होती, १९०१ साली ती ७,७६,००६ झाली. एवढं वाढतं शहर दहा वर्षांत आटलं, कारण १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि माणसं मेली, पळाली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की खापरपणजोबा 'गाठीच्या तापात' गिरणी सोडून संगमेश्वराकडे चालत आले. कागद एकही नाही, पण गोष्ट काळात बसते. त्याच अहवालांत दिसतं की रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. पुरुष मुंबईत, शेती आणि म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर. आमच्या घरातल्या बायकाही त्या आकड्यात मोजल्या गेल्या असणार. त्यांची नावं मात्र दुसरीकडे शोधावी लागली, आणि खरं सांगायचं तर माझं बहुतेक वर्ष त्यातच गेलं.

ग्रॅम्प्सची माझ्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीला आधार जोडता येतो. माणूस, जन्म, लग्न, नातं, काहीही टाकलं की त्याच्याखाली कुठल्या रजिस्टरातून, कितव्या पानावरून हे लिहायचं आणि त्या आधाराला भरवशाची पायरी द्यायची. 'अगदी कमी'पासून 'अगदी जास्त'पर्यंत पाच पायऱ्या आहेत. प्लेगची गोष्ट मी 'कमी'वर ठेवली. काढून टाकली नाही, कारण आजीनं सांगितलेलंही जपायचं आहे. उद्या कुणी नातेवाईक म्हणाला की 'हे कशावरून?', तर क्लिक करून दाखवता येतं. वंशावळीवरून घरात वाद होतात ते याच प्रश्नावर होतात.

आता कागद. मुंबईतल्या कोकणी माणसाला वाटतं की बापाचा, काकाचा जन्म मुंबईत, तर महापालिकेच्या वॉर्डात नोंद मिळेल. पण पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जायची. पुढचीही बाळंतपणं गावीच व्हायची, कारण लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार बिऱ्हाडं. त्यामुळे शोधायचं ते गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदवहीत, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. बाळ आईच्या माहेरच्या गावात जन्मलं असेल तर बापाच्या गावच्या कोतवाल बुकात ते नसतं. हे लक्षात आल्यावर आमच्या दोन हरवलेल्या आत्या सापडल्या.

सापडल्या म्हणजे एक ओळ सापडली. कोतवाल बुकात बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे 'मुलगी'. बारशाआधीच वर्दी दिलेली, त्यामुळे बाळाचं नावच नाही. मुलगा असेल तर पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरात तीच तारीख दिसते आणि जुळवाजुळव होते. गावची जिल्हा परिषदेची शाळा शंभरी ओलांडलेली असेल तर मुख्याध्यापकांकडे निर्गम उतारा, म्हणजे त्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, मागा, फार मोलाचा कागद आहे. पण १९३०-४०च्या सुमारास आमच्या वाडीतल्या मुली शाळेत घातलेल्याच नव्हत्या.

त्यांची नावं मिळाली वारस फेरफारात, म्हणजे खातेदार गेल्यावर जमीन वारसांच्या नावे लावल्याच्या तलाठ्याकडच्या नोंदीत. एक उतारा जसा आहे तसा सांगते. आमचं घराणं खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, कूळ. १९४९च्या कायद्यानं खोती गेली, पुढे कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली जमीन आमच्या नावावर लागली, त्यामुळे त्याआधीच्या मालकीच्या कागदांत आम्ही नव्हतोच. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली. फेरफाराच्या पानावर तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, खातेदार मयत, वारस खालीलप्रमाणे. मग तीन मुलगे, त्यातल्या धाकट्यापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे तो अज्ञान (वयानं लहान) होता आणि आई त्याची पालनकर्ती. त्याखाली विधवा, म्हणजे माझी आजी. आणि त्याखाली दोन मुली, दोघींची नावं, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून लागल्या, म्हणून त्या या पानावर आल्या. खाली सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची सही, 'नोंद प्रमाणित'. कोतवाल बुकात नुसत्या 'मुलगी' असलेल्या दोघी इथे नावानं उभ्या होत्या. त्यातली एक आत्या लहानपणीच गेली असं आम्ही धरून चाललो होतो. ती कणकवलीकडे नांदली, तिला चार मुलं झाली, त्यांची मुलं आज नालासोपाऱ्यात आहेत. आमच्यापासून लोकलनं तासाभरावर!

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : सातबारा बघून थांबू नका. सातबारा आजची स्थिती दाखवतो, घराणं फेरफारात असतं. प्रत्येक फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर असतो, तो धरून एकेक मागे जायचं. आणि वडिलांकडच्या गावाबरोबर आजी-पणजीच्या माहेरच्या गावचे फेरफारही काढायचे, कारण तिचं माहेरचं नाव तिच्या बापाच्या वारसनोंदीत सापडू शकतं. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख आता ऑनलाइन स्कॅन होऊन मिळतात, थोडी फी भरून उतरवता येतात. जे नाहीत त्यांच्यासाठी नकलेचा अर्ज करायचा. एका कार्यालयात मला 'तो बस्ता (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) मिळत नाही' असंच उत्तर मिळत राहिलं. शेवटी तिथल्याच एका शिपाईमामांनी रुमाल सोडून शोधून दिला. सगळीकडे असे मामा असतीलच असं नाही, त्यामुळे अर्जाची पोच घ्या आणि मग पाठपुरावा करा.

या कामात ग्रॅम्प्सची नावांची रचना फार उपयोगी पडली. एका व्यक्तीला कितीही नावं देता येतात, आणि प्रत्येक नावाचा प्रकार ठरवता येतो : जन्माचं, लग्नानंतरचं, बोलण्यातलं. आमच्या पणजीचं लग्नात नाव बदललं, म्हातारपणी वाडीत तिला तिसऱ्याच नावानं हाक मारत. तिन्ही नावं आता एकाच बाईखाली आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा आधार आहे. वडिलांच्या नावासाठी 'पॅट्रोनिमिक' असा पर्याय आहे. तो आमच्यासारख्यांना लागतोच, कारण जुन्या नोंदींत आडनाव नसतं, 'सखाराम बिन गोविंद', म्हणजे गोविंदचा मुलगा सखाराम, एवढंच असतं. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणून गोविंद सखाराम आणि सखाराम गोविंद आलटून पालटून येत राहतात. प्रत्येकाला सॉफ्टवेअर स्वतंत्र क्रमांक देतं, त्यामुळे गोंधळ टळतो. दत्तक मुलगा असेल तर जन्मदाते आणि दत्तक घेणारे, दोन्ही घरांशी त्याचं नातं वेगवेगळं लावता येतं. आमच्या चुलत घरात ते लागलं.

ठिकाणांचंही तसंच. एखादं गाव कुठल्या काळात कुठल्या जिल्ह्यात होतं हे तारखेसकट नोंदवता येतं. आत्याचं कणकवलीकडचं गाव १ मे १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात, नंतर सिंधुदुर्गात. मुंबईतही हे लागतं. मुलुंड, दहिसर १९५७ साली महापालिकेत आले, त्याआधीच्या नोंदी शोधताना आजचा वॉर्ड धरून चालत नाही. सांगलीकडच्यांना 'दक्षिण सातारा' असं लिहिलेले कागद सापडतील, तिथेही हीच सोय कामाला येईल.

तारखांच्या बाबतीत मात्र थोडी युक्ती करावी लागते. ग्रॅम्प्समध्ये हिब्रू, इस्लामी, इराणी कालगणना आहेत, शालिवाहन शक नाही. मी शकात ७८ मिळवून 'या आणि या वर्षादरम्यान' अशी तारीख टाकते आणि मूळ शके-तिथी टिपणात लिहून ठेवते. पौषानंतरच्या तिथीला ७९ धरावे लागतात, ते विसरू नका.

नाशिकच्या वहीसाठी हेच केलं. पणजोबा शके १८४३मध्ये बापाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले होते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावाच्या, आडनावांच्या नामावळी असतात. गाव, तालुका, आडनाव सांगितल्यावर गुरुजींनी लांबोडकी वही काढली आणि पान उघडलं. मोडीत चार ओळी. पणजोबा, त्यांचे दोन भाऊ, बाप, आजा, आणि शेवटी आईचं नाव. त्यांची आई, माझी खापरपणजी, जिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. शाई ठिकठिकाणी तपकिरी पडली आहे, पण तिच्या नावातला प्रत्येक फराटा स्पष्ट आहे. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून मी ते पुन्हा तपासून घेतलं. फोटो घ्यायची परवानगी मिळाली. ग्रॅम्प्समध्ये फोटोचा हवा तेवढाच चौकोन निवडून एका व्यक्तीला जोडता येतो, तसा तिच्या नावाचा तुकडा तिच्या पानाला जोडला आहे. तिचा फोटो असण्याची शक्यताच नव्हती, तिथे आता तिचं नाव दिसतं.

मोडी स्वतः शिकायची असेल तर काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, त्यांच्यातर्फे मोडीचे वर्ग होतात. मी पुढच्या वर्गाला बसणार आहे. तिथल्या दप्तरांत आमच्यासारख्या कुळाचं नाव सापडण्याची आशा मी फारशी धरलेली नाही. इनामदार, वतनदार, सरकारी नोकरीतलं घराणं असेल तर मात्र तिथे अवश्य जा. कोल्हापूर, सांगलीकडच्या लोकांनी हेळव्यांना गाठावं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे असतात. आणि मुंबईतल्या प्रत्येकाने आपल्या गावकरी मंडळाची जुनी वर्गणीची वही विचारावी. आमच्या मंडळाच्या वहीत कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या चाळीत राहत होता ते लिहिलेलं आहे, आणि ती वही एका माळ्यावर पडून होती.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. सुरुवातीचा महिना जड जातो. व्यक्ती, कुटुंब, घटना, आधार असे वेगवेगळे कप्पे आहेत आणि कशाआधी काय भरायचं ते चटकन कळत नाही. माझा सल्ला असा की पहिली दहा माणसं आधारासकट पूर्ण भरा, मगच पुढे जा. फोनवर हे चालत नाही. ग्रॅम्प्स वेब नावाचं वेगळं रूप आहे, पण ते सर्व्हरवर बसवावं लागतं. देवनागरीत शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदललं की माणूस सापडत नाही, म्हणून प्रत्येक नाव कुठल्या रूपात लिहायचं हे आधीच ठरवून ठेवा. कागदावरचं मूळ रूप आधाराच्या टिपणात उतरवा.

ऑनलाइनचं काय, असं बरेच जण विचारतात. फॅमिलीसर्च फुकट आहे आणि तीर्थक्षेत्रांच्या वह्यांच्या स्कॅनसाठी जरूर बघावं. पण तिथला वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच असतो, मृत व्यक्तींच्या नोंदी कुणीही बदलू शकतो. आमच्याकडे जमिनीचे वाटे अजून सामाईक आहेत आणि पुतण्याची जात पडताळणी व्हायची आहे. अशा घराची वंशावळ माझ्याच लॅपटॉपवर असलेली मला बरी वाटते. प्रतिज्ञापत्राला जोडायची वंशावळही मी यातूनच काढली आणि प्रत्येक नावापुढे कागदाचा क्रमांक टाकला. वकिलांनी दुसरं काही मागितलं नाही.

बॅकअप दर आठवड्याला घेते. फोटोंसकट सगळं एका फाइलमध्ये बांधलं जातं, ती पेनड्राइव्हवर एक आणि भावाकडे एक. नालासोपाऱ्याच्या भावंडांना त्यांच्या शाखेचा तक्ता पाठवायचा होता, तेव्हा निर्यात करताना हयात माणसांचे तपशील आणि 'खासगी' खूण केलेल्या नोंदी वगळण्याची सोय वापरली. ती आधी तपासा, मगच फाइल कुणाला द्या. त्यांनी उलट त्यांच्या आईचे दोन फोटो आणि सासरकडच्या तीन पिढ्यांची नावं पाठवली आहेत, ती या रविवारी भरायला घेणार आहे.