फोर्कलिफ्टची बॅटरी धुवायची कशी: पाइपने की कॅबिनेटमध्ये?

चाकण-भिवंडीच्या गोदामांत इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट वाढल्या आणि मेंटेनन्सवाल्यांपुढे नवं काम आलं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना ॲसिडचे बारीक थेंब उडून वर बसतात, त्यात धूळ मिसळते आणि त्या ओलसर थरातून करंट गळत राहतो. मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलला, दुसरी सेलच्या वरच्या प्लास्टिकला लावा. काही व्होल्ट दिसले, की बॅटरी धुवायला झाली.

पाइपने धुणं सोपं. सेलच्या झाकणांच्या कॅप घट्ट लावायच्या, लिटरला साधारण १०० ग्रॅम खायचा सोडा घालून ते पाणी वर ओतायचं, फेस थांबला की ब्रश मारून धुवायचं. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिडच मरतं, म्हणून कॅपकडे लक्ष हवंच. गॉगल, हातमोजे, एप्रन तर हवेतच. मशीन नाही, त्यामुळे देखभाल म्हणजे ॲसिडप्रूफ फरशी आणि धुतलेलं पाणी साठतं तो खड्डा साफ ठेवणं. पण पाणी भरपूर लागतं आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. पीएच (आम्लतेचा आकडा) सातवर, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा, आला म्हणून पाणी निर्धोक झालं असं नाही, शिसं त्यात असतंच. ते सरळ गटारात सोडता येत नाही, इटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, हवा.

कॅबिनेट म्हणजे बॅटरी आत ठेवून फवाऱ्याने धुणारं बंद मशीन. त्यात टाकीतलं तेच पाणी गाळून फिरवलं जातं, म्हणून पाण्याचा खर्च कमी. बदल्यात मशीन रोज वेळ मागतं. शिफ्टच्या सुरुवातीला पीएच पट्टी बुडवायची, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) काढून धुवायचा, फवाऱ्याचे नोझल एकेक बघायचे. बोअरचं जड पाणी असेल तर नोझलच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि फवारा तिरका जातो; बॅटरीचा एक कोपरा तसाच राहतो. तो बाहेरून स्वच्छच दिसतो, मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही. टाकीतलं पाणी आम्लधर्मी झालं आणि कुणी पाहिलं नाही, तर आपण बॅटरीवर ॲसिडच मारत असतो. दुर्लक्षित कॅबिनेटपेक्षा मला पाइप परवडतो.

पंपाचा सील आणि दाराचं रबर हे झिजणारे भाग. दोन्ही स्टोअरमध्ये असू द्या. खड्ड्यातला असो की टाकीच्या तळाचा, गाळ दोन्ही पद्धतींत घातक कचराच. तो बंद ड्रममध्ये भरून, लेबल लावून, रांजणगाव किंवा तळोजासारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. भंगारवाल्याला देऊ नका, कितीही आग्रह करू दे.

दहाएक बॅटऱ्या असतील आणि इटीपी आधीच असेल, तर पाइप पुरे. पन्नासच्या पुढे, धुलाई सतत चालू असेल, तर कॅबिनेट घ्या. पण रोजच्या तपासणीसाठी एका फिटरचं नाव आधी ठरवा. एएमसीवाला (वार्षिक देखभाल कराराचा माणूस) महिन्या-दोन महिन्यांनी येणार, स्ट्रेनर तुंबायचा तोवर थांबत नाही. कोटेशन मागवताना नोझल हाताने सुटतो का आणि टाकीच्या तळाला गाळ काढायचं दार आहे का, हे विचारा. तसं दार नसेल तर बादलीने गाळ उपसायला कुणीच तयार होत नाही.