नाव ‘टेन फिफ्टी’चं, चिप २०११ची

आम्हाला फसवणाऱ्यानं काहीच लपवलं नाही, ही यातली खरी मेख. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उभं करणारं कार्ड, त्यानं चालू कॉम्प्युटरमध्ये बसवून दाखवलं, विंडोजमध्ये त्याचं नाव दाखवलं, मेमरी दाखवली, वर एक गेमही लावून दिला. जुनं सामान घेताना ‘चालवून बघा, मगच पैसे द्या’ असं जो तो सांगतो. आम्ही चालवून बघितलं होतं. तरीही ४,८०० रुपयांचा चुना लागला. म्हणून जरा तपशिलात लिहितोय, कारण नुसतं ‘सावध राहा’ म्हटल्यानं या प्रकारात कुणाचेच पैसे वाचणार नाहीत.

भाच्याची बारावी झाली आणि गेमिंग पीसीचा धोशा सुरू झाला. ताईनं बजावलं, वीस हजारांच्या वर एक रुपयाही मिळणार नाही. एवढ्यात नवं कोरं मशीन असेंबल होणं शक्य नव्हतं. मग दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, फक्त १५ हजार’ अशा जाहिरातींतला झगमगता डबा. त्यातला आय७ कुठल्या पिढीचा ते जाहिरातीत कधीच लिहिलेलं नसतं. विचारलं तर कळतं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या पिढीचा, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचा. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे बहुतेक वेळा जीटी ७३० नावाचं कार्ड, ज्याला मेमरी भरपूर आणि ताकद जेमतेम. पैसे लाइटवाल्या पंख्यांचे. याला फसवणूक म्हणावं की अर्धसत्य, ते तुम्ही ठरवा.

दुसरा रस्ता आम्ही धरला. कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला ब्रँडेड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम, त्यात एक एसएसडी आणि वर स्वस्तातलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. हा मार्ग मी आजही सुचवीन. त्यात अडचण एकच, या डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लहान असतो, तीनशे वॅटच्या आतबाहेर, आणि ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज द्यायची वायर त्यात बहुधा नसतेच. म्हणून सगळ्यांची नजर एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १०५० टीआय (‘टेन फिफ्टी’) या कार्डावर जाते. ऑक्टोबर २०१६चं कार्ड, ४ जीबी मेमरी आणि खाणं फक्त ७५ वॅट. तेवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच पुरवतो, त्यामुळे ते बसवलं की चालू. या वर्गातलं गिऱ्हाईक नेमकं हेच नाव घेऊन येतं, हे विकणाऱ्यांनाही पाठ असतं.

जाहिरात पुण्याची होती. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे कुरिअरनं मागवण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन घेऊ म्हटलं. पहिल्या मजल्यावरची खोली, भिंतीला लागून रॅक, त्यावर मदरबोर्ड आणि कार्डं, एका टेबलावर टेस्टिंगचं मशीन. मुलगा पंचविशीतला, बोलायला अतिशय गोड. आधी पाणी, मग चहा, मग सामान. भाच्यानं प्रश्न विचारले तेव्हा त्यानं एकही टाळला नाही. आता मागे वळून बघताना त्याची चार उत्तरं मला फार हुशारीची वाटतात, कारण प्रत्येक उत्तरानं कार्डातली एक खोट गुण बनून समोर आली.

कार्डाच्या मागच्या पट्टीवर निळं व्हीजीए पोर्ट होतं. तो म्हणाला, “दादा, तुमचा जुना मॉनिटर असेल ना? हे घ्या, नवा घ्यायचा खर्च वाचला.” आमच्याकडे खरंच जुना मॉनिटर होता.

कार्डाच्या टोकाला सहा पिनांचं वीज घेणारं सॉकेट होतं. १०५० टीआयला ते लागत नाही, असं भाचा म्हणाला. “हे ओव्हरक्लॉक मॉडेल आहे, जास्त वेगानं चालतं. त्याला लागतं,” तो म्हणाला. ही थाप पचण्यासारखी होती, कारण काही नामांकित ब्रँडच्या खऱ्या १०५० टीआयवरही असं सॉकेट असतं. साध्या वायरीवरून सहा पिन काढून देणारं ॲडॉप्टर त्यानं फुकट दिलं.

तिसरं, पेनड्राइव्हवर त्यानं स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर दिलं. “हाच टाका. अपडेट करू नका, नवीन ड्रायव्हर जुन्या कार्डाला मुद्दाम स्लो करतात.” असा समज लोकांत आधीपासून आहेच, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

चौथं बिलाचं. “पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर. नाहीतर सात दिवस टेस्टिंग वॉरंटी, माझ्या शब्दावर.” कार्डावर एक स्टिकर होता, त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: ड्रायव्हर बदलल्यास वॉरंटी नाही.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव झळकत होतं, जीटीएक्स १०५० टीआय. डीएक्सडायग या विंडोजच्याच माहितीच्या खिडकीत मेमरी दिसत होती. व्हॅलोरंट लावलं, ते छान चाललं. यूपीआयनं पैसे पाठवले तेव्हा पलीकडे नाव आलं ते एका बाईचं. “आईचं खातं आहे,” तो म्हणाला.

घरी आल्यावर काही दिवस सगळं आलबेल. व्हॅलोरंटसारखा गेम मुळातच हलका, तो प्रोसेसरमधल्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवरही कसाबसा धावतो. खरी परीक्षा जीटीए ५ला झाली. गेमच्या सेटिंगमध्ये मेमरी ४,०९६ एमबी दिसायची, पण टेक्स्चर ‘हाय’ केलं की रस्ते गायब, गाड्या हवेत आणि मग गेम बंद. व्हल्कन (गेम आणि कार्ड यांना जोडणारी नवी प्रणाली) मागणारे गेम तर सुरूच होईनात. शेवटी विंडोज अपडेटनं आपणहून ड्रायव्हर बदलला आणि पडदा काळा.

फोन केला. आवाज तोच, गोडवा गेलेला. “अपडेट का केलंत? स्टिकर वाचला नाही का? वॉरंटी संपली.” त्यानंतर नंबर ब्लॉक.

आमच्या गावात एकजण प्रिंटर, लॅपटॉप वगैरे दुरुस्त करतात. त्यांनी कार्ड हातात घेतलं, मागची पट्टी बघितली आणि कॉम्प्युटरला लावायच्या आधीच हसले. म्हणाले, “ह्याला व्हीजीए कुठून आलं?” एनव्हिडियानं १० सिरीजपासून ॲनालॉग सिग्नल, म्हणजे व्हीजीएला लागतो तो, देणारा भागच चिपमधून काढून टाकला. खऱ्या १०५० टीआयवर डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. निळं पोर्ट दिसलं की पुढं काही तपासायची गरजच नाही.

तरी त्यांनी जीपीयू-झेड लावून दाखवलं. हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून त्यात नकली एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय आहे. जगभर हा माल किती फिरत असेल, याचा अंदाज एवढ्यावरूनच यावा. आमच्या कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ असं इंग्रजीत उमटलं आणि कंपनीच्या बोधचिन्हाच्या जागी पिवळी धोक्याची खूण. मग त्यांनी पंखा आणि हीटसिंक खोलला, चिपवरची वाळलेली पेस्ट पुसली. खाली छापलेलं होतं जीएफ११६.

जीएफ११६ म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय या कार्डाची चिप, मार्च २०११ची. तिच्यात १९२ कोअर (चित्राचं गणित करणारे भाग), तर १०५० टीआयमध्ये ७६८. मूळ कार्डाची मेमरी १ जीबी, वीज ११६ वॅट. म्हणून ते सहा पिनांचं सॉकेट. या चिपला व्हल्कन कधीच मिळालं नाही. एनव्हिडियानं २०१८मध्ये या पिढीचे नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं, म्हणून ‘अपडेट करू नका’.

हे होतं कसं, तेही त्यांनीच समजावलं. प्रत्येक कार्डावर एक बारीक मेमरी चिप असते, तिच्यात कार्डाचं बायॉस, म्हणजे कार्डाच्या मूळ सूचना लिहिलेल्या. विंडोजला जे नाव आणि जी मेमरी दिसते ती या बायॉसमधून आणि ड्रायव्हरच्या फायलींमधून येते. दोन्हींतला मजकूर बदलता येतो. अलीकडच्या कार्डांच्या बायॉसवर कंपनीची डिजिटल सही असते, त्यात ढवळाढवळ केली की कार्ड ते स्वीकारत नाही. २०११च्या कार्डांवर असा पहारा नव्हता, म्हणून हे धंदेवाले तीच जुनी कार्डं उचलतात. लुनाला बुलेटची पाटी लावावी, तसा हा प्रकार. वर नवा पंखा, नवं प्लास्टिक, चकचकीत खोकं.

म्हणजे विकणाऱ्याच्या मशीनवर डिव्हाइस मॅनेजर बघणं ही तपासणीच नव्हे. तिथं तुम्ही त्यानंच लिहिलेलं नाव वाचत असता.

तपासायचं असेल तर स्वतःच्या पेनड्राइव्हवर जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती घेऊन जा, त्याच्या मशीनवरची जुनी चालवू नका. त्यात ‘शेडर्स’चा, म्हणजे कोअरचा आकडा बघा आणि तो त्या कार्डाच्या अधिकृत माहितीशी ताडून बघा. सगळ्यात खालच्या रांगेत व्हल्कनसमोर टिक आहे का पाहा. मग ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधली मेमरीची टेस्ट लावा. ४ जीबी म्हणणारं कार्ड १ जीबीचं असेल तर तिथं ते उघडं पडतं. विक्रेता ‘माझ्या मशीनवर बाहेरचं काही टाकायचं नाही’ म्हणाला, तर त्याचं कारण काहीही असो, उठून या. जमल्यास आपलंच कॅबिनेट सोबत न्या. बसमधून नेणं त्रासाचं आहे, मान्य, पण एनव्हिडियाच्या साइटवरून त्या नावाच्या कार्डासाठी उतरवलेला ड्रायव्हर तिथल्या तिथं टाकून बघता येतो, आणि असलं कार्ड बहुतेकदा त्या पायरीवरच मान टाकतं.

हे बायॉसचं प्रकरण एकट्या १०५० टीआयचं नाही. जीटीएक्स ९६०, १०६० या नावांनीही असाच माल फिरतो. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीकडे निराळी गंमत आहे. आरएक्स ५८०मध्ये २,३०४ शेडर असतात. पण चीनच्या बाजारासाठी २०१८मध्ये त्याच नावाची २,०४८ शेडरची आवृत्ती निघाली, जी ताकदीला आरएक्स ५७० एवढीच. आपल्याकडे ती सरसकट ‘५८०’ म्हणून, ५८०च्या भावात विकली जाते. कार्ड खरं, भाव खोटा.

मायनिंगच्या, म्हणजे क्रिप्टो नाणी कमावण्यासाठी राबवलेल्या कार्डांबद्दल मात्र लोक उगाच जास्त घाबरतात. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. अशा कार्डाचा पंखा झिजलेला असेल, पेस्ट वाळलेली असेल, आयुष्य थोडं कमी झालेलं असेल. पण ते जे म्हणतं तेच असतं. मला कुणी विचारलं तर नाव बदललेल्या ‘नव्या’ कार्डापेक्षा मी मायनिंगमधून आलेलं कार्ड घेईन.

तक्रारीचं सांगतो. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर आम्ही ती नोंदवली. १९३० हा हेल्पलाइन नंबर पैसे नुकतेच गेले असतील तेव्हा जास्त उपयोगी, कारण समोरच्या खात्यातली रक्कम तिथून गोठवता येते. आमचे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. स्थानिक पोलीस ठाण्यात ‘व्यवहार पुण्यात झाला, तिकडे जा’ असं ऐकवलं. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे म्हणून बघितल्यावर अर्ज तरी घेतला. बिल नव्हतं, पण व्हॉट्सॲपवरची बोलणी, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद जोडली. तक्रार क्रमांक त्या मुलाला दुसऱ्या नंबरवरून पाठवला, तेव्हा त्याचा लगेच फोन आला. पैसे नाही, पण ‘एक्स्चेंज करून देतो, आरएक्स ५८० घेऊन जा’ म्हणे. कुठलं ५८०, ते विचारल्यावर फोन कट. पैसे अजून आलेले नाहीत आणि त्याची जाहिरात दुसऱ्या नावानं सुरू आहे. फोटोत कार्ड समोरून, पंख्याच्या बाजूनं दिसतं, पोर्टांची पट्टी एकाही फोटोत नाही.

भाच्यासाठी पुढे जीटीएक्स १६५० घेतलं, एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून. त्याच्याकडे मूळ बिल होतं. कार्डावरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवला आणि मगच पैसे दिले. तेही ७५ वॅटचं, सहा पिनांची भानगड नाही. त्याला व्हीजीए अर्थातच नाही. जुना मॉनिटर एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या कन्व्हर्टरवर चालतोय, तो साडेतीनशे रुपयांना मिळाला.